लेकीच्या गावचं पाणी

ये, इकडं ये. दारात उभी राहून बोलू नकोस, मला त्या बाजूच्या कानानं ऐकू येत नाही. जवळ बस. आणि आधी मला सांग, काल "आजी, वाशीमात पाहण्यासारखं काय आहे?" असं विचारलंस ते कोणत्या तोंडानं? काल सकाळी आलीस, बालाजीच्या देवळात अर्धी घटका चपला कुठं ठेवू कुठं ठेवू करत फिरलीस, तलावापाशी नाकाला पदर लावलास, आणि झालं तुझं वाशीम पाहून? शिकलेली माणसं तुम्ही, तुम्हाला काय बोलावं. अगं, हे गाव एके काळी राजाची राजधानी होतं म्हणतात. त्याच्याही आधी ऋषीचं रान होतं, आणि त्या ऋषीपायी इथं देवांनी एकशेआठ तीर्थं आणून ठेवली. हे पुस्तकातलं नाही सांगत, इथं शेंबडं पोरही सांगतं.

गाव कसं पाहावं ते माझ्या बापाला विचारायचं. त्यानं वाशीम पाहिलं ते उपाशीपोटी, कोरड्या घशानं, ऐन चैत्राच्या उन्हात. तसं पाहिलं की गाव विसरता येत नाही.

माझं माहेर आसेगावचं. घर शेतकऱ्याचं. लग्न होऊन मी वाशीमला आले तेव्हा सोळाचीही नसेन. सासरी भाजीचा मळा, गावाला अगदी लागून. वांगी, मेथी, मिरच्या, सांबार. सांबार म्हणजे तुमची कोथिंबीर, हसू नकोस. घरात सासू, सासरे, तुझे आजोबा आणि माझा एक धाकटा दीर. बाईमाणूस म्हणाल तर सासू आणि मी. सासू वाईट नव्हती. बोलायचीही पुष्कळ. पण सासूशी बोलणं वेगळं आणि नुसतं बोलणं वेगळं. मला नुसतं बोलायला कुणी नव्हतं. दुपारी वांगी तोडताना मी वांग्यांशी बोलायची. एकदा सासऱ्यांनी ऐकलं आणि घरात जाऊन हळूच विचारलं, सूनबाईची तब्येत बरी आहे ना?

अशात माझी धाकटी बहीण लग्नाची झाली, आणि सासूच्याच मनात आलं की ती आपल्या धाकट्याला करावी. हे ऐकलं त्या दिवशी मी दोन भाकरी जास्तीच्या टाकल्या, कोणासाठी ते मलाच माहीत नाही. पण बहिणीला दुसरंही एक स्थळ आलेलं होतं, मोगलाईतलं. म्हणजे निजामाच्या मुलखातलं. शेतीवाडी मोठी. पण तिकडं गेलेली पोर दोन-दोन वर्षं माहेरी दिसत नसे. मोगलाईवाल्यांना पुढच्या मंगळवारच्या आत होय की नाही ते कळवायचं होतं. म्हणून बापानं ठरवलं की आधी वाशीमला जावं, इहीनबाईंशी, म्हणजे माझ्या सासूशी, बोलावं, आणि जमलं तर गावही पाहून घ्यावं.

आता माझ्या बापाचा स्वभाव सांगते. आसेगावहून सरळ बैलगाडीनं आला असता तर दुपारपर्यंत पोचला असता. पण त्याला आगगाडीत बसायचं होतं. म्हणून आधी आडवा जऊळक्याला गेला, तिथल्या ठेसनावर अर्धा दिवस बसला आणि संध्याकाळी गाडीतून उतरून सांगू लागला की गाडीनं फार लवकर पोचलो.

खांद्यावर पाण्यानं भरलेली छागल, हातात फडक्यात बांधलेली शिदोरी. मी तेव्हाच कपाळाला हात लावला. कारण ते पाणी आसेगावच्या विहिरीचं होतं.

तुम्हा पोरींना हे माहीत नसणार. लेकीला लेकरू होईपर्यंत बाप लेकीच्या घरचं अन्न-पाणी घेत नसे. कन्यादान केलं, आता त्या घरचं घेतलं तर दान कसलं राहिलं? हे सगळेच पाळत. पण बाकीचे बाप काय करत, लेकीच्या घरी नाही तर शेजारी जेवत, मारुतीच्या पारावर बसून कुणाकडून तांब्याभर पाणी मागून घेत. माझ्या बापाचं तसं नव्हतं. त्याच्या आजानं लेकीच्या गावच्या शिवेतलं पाणी वर्ज्य केलं होतं, म्हणून यानंही केलं. तो आजा तर म्हणे शिवेवरच उभा राहून लेकीला हाका मारायचा, काय हालहवाल आहे म्हणून. नशीब, माझा बाप घरापर्यंत आला.

सासूनं तांब्या पुढं केला. बापानं पाय धुतले, हात धुतले, चूळ भरायची वेळ आली तेव्हा तांब्या खाली ठेवला आणि छागलीचं बूच काढलं. सासूचा चेहरा पाहून मी आत पळाले. पण कान बाहेरच होते.

सासूनं समजावून पाहिलं. घरचं नको तर शेजारचं घ्या म्हणाली. बाप म्हणाला, शेजारीही वाशीमचाच ना. बरं, बामणाघरचं घ्या. तोही वाशीमचाच. मग सासूचा आवाज बदलला.

"इवाईबुवा, एक पोरगी देल्ली त हे हाल हायेत. दुसरी देसान, आन् एखांद्या रोजी माह्या ओट्यावर उपाशी चक्कर येऊन पडसान. गाव नाव कोनाले ठेवीन? तुमाले नाई, मले ठेवीन."

"दान देल्लं इहीनबाई. देल्लेल्या दानाचं पानी कसं पेवाव?"

"मंग आयका. वाशीमचं पानी पेसान तवाच मी दुसरी पोरगी मागीन. नाई त तुमचं मोगलाईतलं स्थळ बरं. तिकडं कोनी भेटाले जात नाई, त कोनी उपाशी बी रायत नाई."

झालं. माझी बहीण एका घोटापायी अडकली. बाप ओट्यावर बसून आसेगावची भाकर आसेगावच्या ठेच्याशी खात होता, आणि आत चुलीपुढं बसून मी आजवर कुणाला दिला नसेल असा शाप त्याच्या आजाला देत होते. मेलेला माणूस, पण करते काय.

दुसऱ्या दिवशी उजाडताच गाव पाहायला निघालो. बाप पुढं, सासू त्याच्या मागं, आणि मी डोक्यावर पदर घेऊन सगळ्यांत शेवटी. सासू बरोबर का आली, तर म्हणाली, इवाई, म्हणजे व्याही, माझ्या गावात उन्हानं पडला तर उचलायला कुणीतरी लागेल.

आधी पद्मतीर्थावर गेलो. तळ्याच्या पायऱ्या, कडेची झाडं, घाटावर आंघोळी, एका अंगाला कपडे धुण्याचा धपाधप आवाज. बापाला तळं फार आवडलं. त्यानं डोक्यावर पाणी शिंपडलं, हात जोडले. ते पाणी प्या असं मात्र त्या धुण्याकडं पाहून सासूही म्हणू शकली नाही. पाय धुवायला म्हणून बापानं शिदोरी वरच्या पायरीवर ठेवली. आणि तिथली वानरं. तुला दिसली ना काल? त्यांचे पणजे-खापरपणजे तेव्हाही तिथंच होते. एक दांडगा हुप्प्या आला, शिदोरी उचलली, आणि झाडावर बसून जावयासारखा सावकाश सोडू लागला.

बाप ओरडत धावला. हातात होती ती छागलच त्यानं झाडाकडं भिरकावली. वानराला काही झालं नाही. छागल फांदीला लागून पायरीवर आपटली, बूच उडालं, आणि आसेगावचं सगळं पाणी पायऱ्या उतरत पद्मतीर्थाला जाऊन मिळालं. तिकडं वानरानं भाकरी खाल्ल्या आणि शेवटी ठेच्यात बोट घातलं. माझ्या आईचा ठेचा होता तो. वानर क्षणभर बसल्या जागी गप्प झालं, मग झाडावरून सरळ खाली तळ्याकडं धावलं आणि तोंड घालून पाणी प्यायलं.

सासू शांतपणे म्हणाली, "पाहा इवाईबुवा. तुमच्या घरची भाकर खाऊन त्यानं वाशीमचं पानी पेलं. त्याले काई झालं नाई."

बापानं रिकामी छागल खांद्यावर टाकली आणि म्हणाला, चला, बालाजीला.

बाजारातून जायचं होतं. ऊन चढलेलं. तुला सांगते, देवानं त्या दिवशी वाशीमचा सगळा बाजार माझ्या बापासाठी मांडला होता. हलवायाच्या कढईत जिलेबी फिरत होती. भज्यांचा घाणा निघत होता. एक बाई कैऱ्या कापून मीठ-तिखट लावत बसली होती, आणि नुसतं पाहून माझ्या तोंडाला पाणी सुटलं. बापाच्या तोंडाला तर तेवढंच पाणी. तो प्रत्येक दुकानापाशी थांबे, काय आहे कसं आहे ते सगळं विचारी, आणि पुढं जाई. हलवायाला वाटलं मोठं गिऱ्हाईक आहे, त्यानं जिलेबीचा तुकडा चाखायला पुढं केला. बाप दोन पावलं मागं सरकला, तुकड्यात विंचू बसला असावा तसा.

चौकात पाणपोई होती. ओल्या फडक्यात गुंडाळलेले रांजण, लिंबाची सावली, आणि लांब दांड्याच्या पळीनं पाणी देणारा एक म्हातारा. सासू मुद्दाम तिथं थांबली, आणि मला म्हणाली, पी गं पोरी, पोटभर पी. मी प्यायले. खोटं कशाला बोलू, बापाकडं पाठ करून प्यायले. म्हाताऱ्यानं पळी बापापुढं केली. बापानं विचारलं, हे पाणी कुणाच्या विहिरीचं? म्हाताऱ्यानं सांगितलं, इथल्याच गल्लीतल्या. मग नको, बाप म्हणाला. म्हातारा पळी तशीच धरून त्याला वरून खालून पाहत राहिला.

"मानूस हाये का उंट?" त्यानं सासूला विचारलं.

"इवाई हाये माहा," सासू म्हणाली, आणि म्हाताऱ्यानं पहिल्यांदाच बापाकडं जरा दयेनं पाहिलं.

बालाजीच्या देवळात गारवा होता. बाप खांबाला टेकून बराच वेळ बसला. मला वाटलं भक्तीनं बसलाय, पण त्याचे ओठ पांढरे पडले होते. उठून गाभाऱ्यापाशी गेलो. पुजाऱ्यानं पळीतून तीर्थ दिलं. बापानं ते हातावर घेतलं, डोळ्यांना लावलं आणि उरलेलं डोक्यावर चोळलं. पुजारी खवळला.

"अहो, तीर्थ प्यायचं असतं. डोक्याला चोळायला ते काय तेल आहे?"

आणि दुसरी पळी घातली. आता बाप कात्रीत सापडला. एकीकडं आजा, एकीकडं बालाजी. बापानं डोळे मिटले आणि घेतलं. त्या दोन थेंबांनी त्याच्या घशात काय झालं असेल ते त्यालाच ठाऊक, पण डोळे उघडून तो आमच्याकडं वळला आणि घाईघाईनं म्हणाला, तीर्थ म्हणजे पाणी नव्हे. ते देवाचं. त्याला शीव नसते.

मी खट्टू झाले. मला वाटलं प्याला एकदाचा. पण सासू खट्टू झाली नाही. ती बापाकडं अशी पाहत राहिली, की जणू बाजारात हवी ती जुडी दिसली आहे आणि आता फक्त ती उचलायची आहे. मग अगदी साधेपणानं तिनं पुजाऱ्याला विचारलं, महाराज, ती एकशेआठ तीर्थं कोणकोणती? पुजारी खूश झाला. बोटं मोजत सांगू लागला. एक हात झाला, दुसरा झाला, पुन्हा पहिला. पुढं मग तो अडखळू लागला, एकच तीर्थ दोनदा आलं, आणि शेवटी म्हणाला की बाकीची काळाच्या ओघात बुजली. कुठं कुणाच्या वाड्याखाली गेली, कुठं कुणाच्या मळ्यात. आता कोण शोधणार?

सासू "हो ना" म्हणाली. आणि मग घरी काम आहे सांगून आम्हाला तिथंच सोडून झपझप पुढं निघून गेली. एवढ्या उन्हात तिला तसं चालताना मी आधी कधी पाहिलं नव्हतं.

मी आणि बाप सावलीसावलीनं मळ्यात आलो तेव्हा दुपार माथ्यावर होती. तुझे आजोबा आणि दीर मोट हाकत होते. आणि विहीर पाहून मी जागीच थबकले. काठावर हळदीकुंकू. थारोळ्यापाशी, जिथं मोटेचं पाणी पडतं तिथं, आमचा मिरच्या वाटायचा जुना पाटा शेंदूर लावून उभा केलेला, त्याला झेंडूची माळ. उदबत्ती लावलेली. शेजारी गोवऱ्यांच्या निखाऱ्यात रोडगे भाजत घातलेले. रोडगे म्हणजे जाड कणकेचे गोळे, राखेतून काढून झटकायचे, फोडायचे आणि त्यात तूप सोडायचं. बाजूला वांग्याची भाजी रटरटत होती. तो वास आला आणि बाप मटकन बांधावर बसला.

सासू पदर सावरून पुढं आली. म्हणाली, बुजलेल्या तीर्थांपैकी एक हे आहे. तुम्ही मोठ्या पुण्यानं आलात, इवाईबुवा. आंघोळ करा, तीर्थ घ्या, आणि यात्रेकरूनं घ्यावा तसा प्रसाद घ्या.

बाप उपाशी होता, पण मूर्ख नव्हता. काल तर ही विहीर होती, म्हणाला. सासू म्हणाली, काल तुम्हाला कुठं माहीत होतं. बापानं विचारलं, कोण म्हणतं हे तीर्थ आहे? सासूनं विचारलं, कोण म्हणतं नाही? पुजाऱ्यालाच बाकीची माहीत नव्हती हे तर बापानं स्वतः ऐकलेलं. तो घुटमळला. मग त्यानं नेमकं करू नये ते केलं. माझ्या सासऱ्यांकडं वळला आणि विचारलं, ही विहीर खोदली कोणी?

सासरे खोटं बोलत नसत. साऱ्या बाजारात त्यांच्या वांग्यांवर लोकांचा विश्वास होता तो त्यामुळंच. आणि ती विहीर त्यांनी स्वतः, तरुणपणी, दोन उन्हाळे खपून खोदली होती. सासूनं त्यांच्याकडं पाहिलं. ते पाहणं मला आजही आठवतं. सासऱ्यांनी डोक्याचं पागोटं काढलं, घाम पुसला, पागोटं परत घातलं.

"खोदली म्हनान त मीच," ते म्हणाले. "पन म्या फक्त माती काहाडली, इवाईबुवा. पानी पहिलेच व्हतं."

मोट थांबली होती. बैलसुद्धा ऐकत असावेत असं वाटलं. बापानं खाली मान घालून विचार केला, आणि मग मान वर करून माझ्याकडं पाहिलं.

"तू सांग, पोरी. हे तिरथ हाये का?"

आता मी काय सांगू? हो म्हणावं तर देवाच्या नावानं बापाला फसवलं. नाही म्हणावं तर बहीण मोगलाईत गेली. सासू समोर, सासरे समोर, दीर मोटेचा दोर धरून उभा, त्या बिचाऱ्याचं तर लग्नच टांगलेलं. काही सुचलं नाही म्हणून जे खरं होतं तेच तोंडातून गेलं.

"तिरथ हाये का नाई, मले नाई मालूम, बाबा. या पान्यावर मी एक वरीस काहाडलं. आता एकटीनं नाई काहाडल्या जात."

एवढं बोलले आणि रडू आलं. सासूसमोर कधी रडले नव्हते. मला वाटलं आता ती रागावेल, पण ती पाठ करून रोडगे उलटू लागली. उलटण्यासारखे ते अजून झाले नव्हते.

बाप उठला. थारोळ्यापाशी गेला, त्या पाट्याला नीट वाकून नमस्कार केला, ओंजळ धरली आणि प्यायला. एक ओंजळ, दुसरी, तिसरी. मग तोंड पुसून, जणू बालाजीनंच सांगितलं असावं अशा थाटात म्हणाला, "तिरथ हाये. पानी अंमळ गोडच लागते." आणि तीर्थ म्हटल्यावर सगळं रीतीनं झालं पाहिजे, म्हणून धोतरासकट मोटेच्या धारेखाली बसून आंघोळही केली. रोडगे किती खाल्ले ते मी मोजले नाहीत. बापाचं खाणं लेकीनं मोजू नये. पण सासूला दुसऱ्यांदा कणीक भिजवावी लागली, आणि दुसरी पोरगी तिनं तेव्हाच, पिठाच्या हातानं, मागितली.

नंतरची गंमत वेगळीच. बाप गावी जाऊन गप्प बसेल तर तो बाप कसला. पुढच्याच एकादशीला आसेगावच्या पाच बाया तांबे घेऊन मळ्यात हजर. त्यांचं पाहून गल्लीतल्या आल्या. सासऱ्यांचा सांबाराचा सगळा वाफा तुडवला गेला. ते सासूला म्हणाले, आता तुझं तीर्थ बुजव. पाटा परत वाटणाला लागला तेव्हा कुठं गर्दी थांबली, आणि त्या आठवड्याच्या चटणीला सगळ्यांनी खाण्याआधी हात जोडले.

बाप मात्र शब्दाचा पक्का. तीर्थ मानलं ते विहिरीला, घराला नाही. तो आला की विहिरीवर बसूनच जेवे. श्रावणात घोंगडी डोक्यावर घेऊन जेवताना मी त्याला पाहिलंय, ताटात पाऊस, वर मी सूप धरून उभी. मला पहिलं लेकरू झालं त्या वर्षी तो आत आला, पाटावर बसला, आणि घरात पाणी प्याला. म्हणाला, विहिरीवर जास्त थंड लागायचं.

आणि बहीण? आली. येऊन महिना झाला नाही तो मेथीत लसूण आधी घालायचा की नंतर यावरून आम्ही दोघी तीन दिवस बोललो नाही. सासू म्हणाली, याच्यासाठी रडली होतीस का गं? मी म्हटलं, हो, याच्यासाठीच. न बोलायलाही माणूस लागतं, आत्याबाई.

ती काय, पलीकडच्या खोलीत आहे. मघापासून भिंतीला कान लावून ऐकत असेल, कारण तिचे मात्र दोन्ही कान चांगले आहेत. तुझी गाडी आहे, तू जाणार, मला ठाऊक आहे. जा. पण आता नुसता उंबऱ्याला पाय लावून परत जायला येऊ नकोस, चार दिवस काढून ये, आणि आमरसाचे दिवस संपायच्या आत ये. आम्ही दोघी आहोत तोवर ये. ती सांगेल ती गोष्ट वेगळी असेल, तिचं ऐकून घे, आणि मग माझ्याकडं येऊन मला सांग ती काय म्हणाली. लवकर ये गं.